उद्या किचनला यायचं: वेटरसाठी आतल्या एका दिवसाची तयारी

नव्या वेटरला आपल्याकडे काय शिकवतात? टेबलांचे नंबर, मेन्यूकार्ड, ऑर्डर मशीनमध्ये कशी टाकायची, बिल केव्हा न्यायचं. दोन दिवस एखाद्या जुन्या वेटरच्या मागे फिरला की तिसऱ्या दिवशी त्याच्या ताब्यात चार टेबलं येतात. ज्या पदार्थांची ऑर्डर तो घेतो ते कोण करतं, कशात करतं, किती वेळात करतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. किचनशी त्याची ओळख होते ती पासवर, म्हणजे तयार प्लेट जिथून बाहेर येते त्या ओट्यापाशी, आणि तीही बहुधा भांडणातून. ‘सहा नंबरचं काय झालं?’ हा त्याचा प्रश्न आणि ‘होतंय, थांब’ हे आतलं उत्तर. एवढ्या दोन वाक्यांवर दोघांचा व्यवहार वर्षानुवर्षं चालतो.

काही ठिकाणी आता वेटरला एक अख्खा दिवस किचनमध्ये पाठवतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणात हे पहिल्यापासून आहे. मुंबईत दादरला असलेल्या, १९५४ साली सुरू झालेल्या संस्थेत काय किंवा तिच्यासारख्या इतर संस्थांत काय, विद्यार्थ्याला किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस या चारही विभागांतून जावं लागतं. पण आपल्या शहरांतल्या आणि हायवेवरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये काम करणारी बहुतेक मुलं त्या वाटेने आलेली नसतात. गावचा कुणीतरी आधी कामाला होता, त्याच्या ओळखीने आली आणि काम करत करत शिकली. त्यांना आतला दिवस मिळाला तर तो वाया जाऊ नये म्हणून हा लेख. तुम्ही वेटर असाल तर तुमच्यासाठी आहेच, वेटरना आत पाठवणारे कॅप्टन किंवा मालक असाल तर तुमच्यासाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी हे पक्कं करा की तुम्ही स्वयंपाक शिकायला चाललेला नाहीत. एका दिवसात कुणी कुक होत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. टेबलाशी उभं राहून तुम्ही जे बोलता, त्यातला प्रत्येक शब्द आत कुणाच्या तरी हाताला काम लावतो. ‘हो, करून देतो’, ‘दहा मिनिटांत आणतो’, ‘तिखट कमी सांगतो’. यातल्या कुठल्या शब्दाने आत किती काम वाढतं आणि कुठला शब्द आत पाळताच येत नाही, हे कळावं म्हणून हा दिवस आहे. तेवढं कळलं तरी दिवस सत्कारणी लागला.

दिवस निवडायचं तुमच्या हातात असेल तर रविवार टाळा. रविवारी तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते आणि गर्दीत तुम्ही फक्त अडचण होता. गटारीच्या आसपास तर जाऊच नका. श्रावणात मांसाहारी काउंटर थंड असतो, त्यामुळे अर्धं किचन बघायचं राहून जातं. मला शुक्रवार बरा वाटतो: सकाळी तयारी निवांत बघता येते आणि रात्री साडेआठनंतर खरी गर्दीही दिसते. मात्र सकाळच्या बॅचबरोबरच जा. दुपारी बाराला पोचलात तर सगळ्यांत महत्त्वाचा भाग होऊन गेलेला असेल.

कपड्यांचं थोडक्यात. पुढून बंद असलेले, न घसरणारे बूट घाला, चप्पल-सँडल नको. शर्ट सुती असावा, कारण नायलॉन-पॉलिस्टर आगीजवळ अंगाला चिकटतं. नखं कापलेली, अंगठी-कडं-घड्याळ काढलेलं, डोक्यावर टोपी. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवायचे, आणि कच्च्या चिकनला, कचऱ्याला, स्वतःच्या नाकाला किंवा मोबाइलला हात लागला की पुन्हा धुवायचे. जुलाब, कावीळ, ताप किंवा हातावर उघडी जखम असेल तर सरळ सांगा आणि दुसरा दिवस मागून घ्या. अन्नसुरक्षेचे नियमच तसं सांगतात आणि अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असंही सांगतात. खिशात छोटी वही आणि पेन ठेवा, फोन लॉकरमध्ये राहू द्या.

आत हलताना आवाज द्यायला शिका. कुणाच्या पाठीमागून जाताना ‘पीछे’, हातात तापलेलं भांडं असेल तर ‘गरम, गरम’. महाराष्ट्रातल्या पुष्कळ किचनमध्ये नेपाळ, उत्तराखंड, बंगाल, ओडिशातून आलेली माणसं काम करतात आणि एकमेकांशी हिंदीत बोलतात. तुमची हिंदी मोडकी असली तरी चालेल, पण आवाज मोठा पाहिजे. उलट पावली मागे सरकू नका. कढईचा कान फडक्याशिवाय धरू नका. फडकं कोरडं आहे ना बघा, ओल्या फडक्यातून चटका लगेच बसतो. आणि तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकायचं नाही. गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं, बाजूला व्हायचं. सिलिंडरच्या लाइनचा मुख्य कॉक कुठे आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या. बाहेर काम करणाऱ्यालाही ते ठाऊक असलं पाहिजे.

सुरुवात कुठून करायची, यावर माझं मत ठाम आहे: भांडी घासायच्या जागेपासून. पुष्कळ जण वेटरला थेट तंदूरपाशी उभा करतात, कारण ते बघायला मजा येते. पण तुम्ही बाहेरून जे आत पाठवता ते पहिल्यांदा मोरीपाशी येतं. तासभर तिथे उभे राहा आणि हाताने काम करा. प्लेटांची चळत कशी येते बघा. मोठ्या प्लेटवर वाटी, वाटीत हाडं, हाडांवर पेपर नॅपकिन, त्यात रुतलेला काटा-चमचा, वर काचेचा ग्लास. हे वेगळं करायला घासणाऱ्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दहा प्लेटा धुऊन होतात. ग्लास फुटला तर काच उष्ट्यात जाते आणि हात कापतो. चमचे खरकट्याबरोबर कचऱ्याच्या पिंपात जातात. महिन्याच्या मोजणीत चमचे कमी भरतात त्याचं हे एक मोठं कारण, आणि संशय मात्र भलत्याच माणसावर जातो. टेबल उचलतानाच उष्टं एका प्लेटमध्ये, चमचे एका बाजूला, ग्लास वेगळ्या ट्रेमध्ये, एवढं केलंत तर आतला एक माणूस तुमच्यावर कायमचा खूश राहील.

मोरीपाशी आणखी एक गोष्ट दिसते, जी शेफलाही नीट दिसत नाही: काय परत येतं. कुठल्या भाजीची अर्धी वाटी उरते, कुठला भात कायम शिल्लक राहतो, सॅलडमधला मुळा कुणीच खात नाही का, रोटीच्या कडा टाकलेल्या असतात का. वहीत लिहून ठेवा. चारजणांच्या टेबलाला तुम्ही तीन भाज्या सुचवता आणि त्यातली एक रोज अर्धी परत येत असेल, तर उद्यापासून दोनच सुचवा. ‘आधी एवढं घ्या, लागलं तर मी लगेच आणतो,’ असं सांगणाऱ्या वेटरला लोक लक्षात ठेवतात.

तिथून तयारीकडे. सकाळचे दहा-साडेदहा ही किचनमधली शिकण्यासारखी वेळ. रात्री पनीर कोल्हापुरी दहा-बारा मिनिटांत टेबलावर येते, कारण तिची सुरुवात सकाळी झालेली असते. कांद्याची पोती सोलली जातात. एका टोपात कांदा, काजू आणि मगज म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या बिया उकळत असतात, त्याची व्हाइट ग्रेव्ही होते. दुसऱ्यात टोमॅटो शिजतात मखनीसाठी. तिसरीकडे कांदा लालसर परतून त्याची ग्रेव्ही, आणि सुकं खोबरं, तीळ, खसखस, लाल मिरच्या भाजून कोल्हापुरीचं वाटण. चिकनला मीठ-लिंबू-आलं-लसूण लावून ठेवतात आणि मग दह्यातलं दुसरं मॅरिनेशन चढतं. फ्राइड राइसचा भात थोडा कच्चाच ठेवून शिजवतात आणि पसरून गार करतात, कारण गरम भात कढईत परतला की त्याचा लगदा होतो. तंदूरची कणीक मळून ओल्या फडक्याखाली मुरत ठेवलेली असते.

हे बघताना एकच नियम डोक्यात पक्का करा: जे शेवटी वरून पडतं ते बदलता येतं, जे सकाळीच आत गेलंय ते बदलता येत नाही. दाल तडक्यातली मिरची कमी होऊ शकते, कारण फोडणी ऑर्डर आल्यावर पडते. वरचं बटर, क्रीम, कोथिंबीर, चाट मसाला, हे सगळं टाळता येतं. पण कोल्हापुरीच्या वाटणातलं तिखट काढता येत नाही. ‘कोल्हापुरी द्या, पण तिखट अजिबात नको’ असं गिऱ्हाईक म्हणालं आणि तुम्ही मान डोलावली, तर कुक त्यात व्हाइट ग्रेव्ही आणि क्रीम ओतणार. जे बाहेर येईल ते ना कोल्हापुरी ना दुसरं काही, आणि बोलणी तुम्हालाच बसतील. त्याऐवजी टेबलाशीच सांगा: ‘कोल्हापुरीचा मसालाच तिखट असतो. कमी तिखट हवं असेल तर आमच्याकडे अमुक भाजी चांगली आहे.’ हे ठामपणे सांगायला आतली माहिती लागते आणि ती या सकाळीच मिळते. मॅरिनेट झालेल्या चिकनमधलं मीठ, ग्रेव्हीतले काजू, डोशाच्या पिठातली मेथी, यांनाही हाच नियम लागू.

जैन जेवणाची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. ‘जैन मिळेल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सवयीने ‘हो’ म्हटलं जातं. पण वरून कांदा-लसूण न टाकण्याने पदार्थ जैन होत नाही, तयार ग्रेव्हीतच कांदा, लसूण आणि आलं असतं. बटाटा, गाजर, बीट, मुळा असं कुठलंच कंदमूळ चालत नाही आणि चातुर्मासात, विशेषतः पर्युषणात, बरेच जण हिरव्या भाज्याही टाळतात. म्हणून आत विचारा: जैन ग्रेव्ही वेगळी करतात का? कशाची? आज किती प्लेट होईल एवढी आहे? जैन ऑर्डरला कढई आणि पळी वेगळी घेतात की तीच विसळून? जिथे टोमॅटो-काजू-मगजची छोटी ग्रेव्ही वेगळ्या टोपात ठेवलेली असते, तिथे तुम्ही निर्धास्त ‘हो’ म्हणू शकता. ती रात्री साडेनऊला संपली असेल तर ‘नाही’ म्हणायचं. हा लोकांच्या धर्माचा प्रश्न आहे, तिथे अंदाज चालत नाही. उपवासाच्या पदार्थांचंही तसंच. साबुदाणा वडा ज्या तेलात तळला जातो त्याच तेलात आधी कांदाभजी तळली आहेत का, हे एकादशीला विचारणारं गिऱ्हाईक येतंच. उत्तर तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

ॲलर्जी तर जिवावर बेतू शकते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांत ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची यादी आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, कोलंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. ही यादी पाठ करून उपयोग नाही, आपल्या किचनमध्ये ती कुठे कुठे लपलेली आहे ते शोधा. शेंगदाण्याचं कूट भरल्या वांग्यात, ठेच्यात, कोशिंबिरीत असतं. काजू पनीरच्या निम्म्या भाज्यांत असतात, पण वाटलेले असल्यामुळे दिसत नाहीत. सोया सॉसमध्ये सोयाबरोबर बहुधा गहूही असतो. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही तो हिंग: बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे गहू न चालणाऱ्या माणसाला ‘डाळच आहे, काही होत नाही’ म्हणून तडका दिलेली डाळ वाढणं धोक्याचं. डब्यांवरची लेबलं वाचा, शेफला विचारा, लिहून घ्या. आणि उद्यापासून खात्री नसेल तिथे एकच उत्तर: ‘एक मिनिट, आत विचारून सांगतो.’ ते विचारायचं शेफला, शेजारच्या वेटरला नाही.

मालवणी किंवा कोल्हापुरी जेवण देणाऱ्या ठिकाणी काम करत असाल तर सकाळी मासळीचा आणि रश्शाचा काउंटर नक्की बघा. पांढरा रस्सा रंगाने सौम्य दिसतो म्हणून तो शाकाहारी आहे का, असं विचारणारे भेटतात. मूळ पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यावर होतो, तुमच्याकडे व्हेज प्रकार असेल तर तो वेगळा. माशांचं म्हणाल, तर आज काय आलंय, किती मोठं आलंय, बर्फात कसं ठेवलंय, कल्ले लाल आहेत का, हे एकदा हाताने बघून घ्या. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात प्लेटमधली सुरमई बहुधा कोल्ड स्टोरेजमधली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची असते. ‘एकदम ताजी आहे साहेब’ हे वाक्य तेव्हा तोंडातून काढायचं नाही. ‘आज हलवा चांगला आलाय,’ असं खात्रीने सांगा, त्यावर लोकांचा विश्वास बसतो.

दुपारचं स्टाफ जेवण किचनच्या माणसांबरोबर घ्या. आपल्या वेटर मंडळींच्या घोळक्यात जाऊन बसू नका. ज्याच्यावर रोज ओरडता तो तंदूरवाला कुठला, किती वर्षं उभा आहे, त्याला काय त्रास होतो, हे याच वेळी कळतं. त्याला ‘उस्ताद’ म्हणा. नावाने हाक मारायची ओळख झाली की मग नाव घ्या.

आता तंदूर. इथे निदान अर्धा तास द्या. भट्टीच्या तोंडाशी दोन फुटांवर उभं राहून बघा, म्हणजे कळेल की तिथे दहा तास काढणं काय असतं. उस्ताद गोळा घेतो, तळहातांवर थापटतो, गादीवर पसरतो, पाण्याचा हात लावतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि भिंतीवर रोटी थापतो. मिनिट-दीड मिनिटात ती फुगते, डाग पडतात, तो दोन सळयांनी ती सोडवून काढतो. बटर लागतं, टोपलीत पडते. आता त्या टोपलीतली एक रोटी बाजूला ठेवायला सांगा आणि दर दोन मिनिटांनी तिचा तुकडा मोडून बघा. पहिल्यांदा कडा कुरकुरीत, मधे मऊ. मग कडा नरम पडतात. सहा-आठ मिनिटांत तुकडा मोडत नाही, ताणला जातो. दहा मिनिटांनी ती चामड्यासारखी होते. हा छोटा प्रयोग स्वतः केल्याशिवाय आतून बाहेर पडू नका.

कारण रात्री नेमकं इथेच बिनसतं. समजा तुम्ही चारजणांच्या टेबलाची ऑर्डर घेतली: दोन मंचाव सूप, एक चिकन टिक्का, एक पनीर कोल्हापुरी, एक दाल तडका, सहा रोट्या, एक जिरा राइस. तुमच्या लेखी ही एक ऑर्डर. आत ती तीन ठिकाणी फुटते: सूप चायनीजला, टिक्का आणि रोट्या तंदूरला, बाकीचं इंडियनला. तंदूरवाल्याला इंडियनची भाजी कुठवर आली हे माहीत नसतं, त्याच्या हाती फक्त ‘रोटी ६’ असं तिकीट येतं. तो आपलं काम करतो, सहा रोट्या तीन मिनिटांत पासवर. भाजीला अजून सात मिनिटं. टेबलावर सूपही संपलेलं नाही. मग रोट्या पासवर निवतात, टेबलावर जातात तेव्हा ताणल्या जातात, आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘रोटी कडक आहे’. तुम्ही आत येऊन उस्तादावर ओरडता. उस्तादाची यात चूक काय?

सगळं एकदम मशीनमध्ये ढकलू नका. सूप-स्टार्टरची केओटी, म्हणजे किचनला जाणारं ऑर्डरचं तिकीट, आधी. स्टार्टरची प्लेट अर्धी झाली की भाज्या. भाजी पासवर येण्याच्या बेतात असेल तेव्हा रोटी, आणि पहिल्या खेपेला माणशी एकच. पुढच्या रोट्या ‘रनिंग’, म्हणजे लागतील तशा, मागवा. टेबलाकडे लक्ष ठेवावं लागतं, दोन खेपा जास्त होतात, पण ताटात प्रत्येक वेळी गरम रोटी पडते. तुमच्याकडच्या मशीनमध्ये ऑर्डर थांबवून ठेवायची सोय असेल तर ती कॅप्टनकडून शिकून घ्या.

यासाठी प्रत्येक पदार्थाचा वेळ ठाऊक हवा. मेन्यूकार्डाची झेरॉक्स बरोबर न्या आणि निदान वीस चालणाऱ्या पदार्थांपुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या काउंटरला होतो, किती मिनिटं, आत काय काय आहे, काय बदलता येतं. वेळ विचारून लिहू नका, घड्याळात बघून लिहा. विचारलं की प्रत्येक जण ‘पाच मिनिट’च सांगतो. कच्च्या मॅरिनेशनमधून निघालेल्या तंदुरी चिकनला बारा-पंधरा मिनिटं लागतातच, गर्दीत जास्त. दम बिर्याणी तर ऑर्डरवर होतच नाही, तिचा हंडा दुपारी आणि संध्याकाळी लागतो आणि संपला की संपला. नवा हंडा लावायचा म्हणजे पाऊण तास तरी धरा. ‘बिर्याणी किती राहिली?’ हा प्रश्न रात्री नऊला तुम्ही आपणहून आत विचारायचा असतो.

चायनीजला थोडा वेळ पुरे. तिथे बघायचं ते हे की मोठ्या बर्नरवर एका कढईत एकाच प्रकारच्या दोन-तीन प्लेटा एकदम निघतात. म्हणून तुमच्यानंतर आलेल्या टेबलाचं मंचुरियन कधी तुमच्या आधी जातं, कारण ते आधीच्या दोघांबरोबर त्याच कढईत निघालं. यात पक्षपात नाही. हे समजलं की निम्मी भांडणं मिटतात. एखाद्या टेबलाला आठ जण असतील आणि आठ वेगवेगळे पदार्थ मागवत असतील तर त्यांना आधीच सांगा की थोडं मागेपुढे येईल.

रात्री साडेआठ ते साडेनऊ कुणाच्या हाताखाली काम करू नका. पासच्या आतल्या बाजूला, केओटी बोलणाऱ्या माणसाशेजारी, कोपऱ्यात उभे राहा आणि फक्त ऐका. कुठलंही एक तिकीट निवडा आणि ते फाडल्यापासून प्लेट उचलेपर्यंत त्याचा माग घ्या. मग बघा, तयार प्लेट पासवर किती वेळ पडून राहते. गरम वाढायचं अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, अधल्यामधल्या तापमानात जंतू वाढतात, म्हणून नियम तसा आहे. पण चवीचा हिशेब त्याहून कडक असतो. सिझलर दोन मिनिटं थांबला तर धूर संपतो. तळलेलं स्टार्टर पाच मिनिटांत मऊ पडतं. कुकने जीव तोडून केलेली प्लेट वेटर नाही म्हणून थांबलेली बघितलीत की ‘आतून उशीर होतो’ या तुमच्या तक्रारीची दुसरी बाजू दिसेल.

तिकिटांवरचे शेरेही वाचा. दहातल्या सहा तिकिटांवर ‘अर्जंट’ लिहिलेलं असतं, त्यामुळे आत ते कुणी वाचतच नाही. त्याऐवजी खरं कारण लिहा किंवा सांगा: ‘लहान मूल आहे, डाळ-भात आधी’, ‘दहाची गाडी आहे’. अशा शेऱ्यावर किचन हमखास हलतं. ‘टेस्टी बनाना’, ‘अपना आदमी है’ असले शेरे बंद करा, त्यातून कुकला काय करायचं ते कळत नाही. ‘मिरची नको, लसूण चालेल’ हे कळतं.

दिवसात चव घ्यायची संधी मिळेल तेव्हा वेगळ्या चमच्याने घ्या, तोच चमचा पुन्हा टोपात घालू नका. आणि चव घेतली की ती सांगता येईल असं एक वाक्य तिथेच तयार करा. ‘छान आहे’ पुरत नाही. ‘टोमॅटोची आंबट-गोड चव, तिखट नाही, लहान मुलं आवडीने खातात’ असं सांगितलं की गिऱ्हाइकाचं ठरतं.

आता कॅप्टन आणि मालकांसाठी. वेटरला आत पाठवायचं तर शेफला आदल्या दिवशी सांगा आणि वेटरबरोबर कोण राहणार ते नेमून द्या. नाहीतर तो दिवसभर कांदे सोलत बसतो आणि किचनला फुकटचा हेल्पर मिळतो, यात शिकणं काहीच होत नाही. हातकाम जरूर द्या, पण प्रत्येक काउंटरला थोडं थोडं. त्या दिवशी त्याची टिप बुडते. तुमच्याकडे टिप एकत्र वाटत असाल तर त्याचा वाटा त्याला द्या, ज्याची त्याला मिळत असेल तर सरासरी काढून भरपाई करा. खिशाला खार लावून कुणी मनापासून शिकत नाही. मोरीवर उभं केल्याची कुणी बाहेर चेष्टा केली तर तिथल्या तिथे थांबवा. आणि जमेल तेव्हा उलटंही करा: एखाद्या कुकला धुतलेला शर्ट घालून दोन तास बाहेर उभा करा. ‘किती वेळ लागेल?’ हे चौथ्यांदा विचारणाऱ्या माणसासमोर उभं राहणं काय असतं, हे त्यालाही कळायला हवं.

वेटरने दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येताना ती झेरॉक्स घडी करून खिशात ठेवावी आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी शेफला पाच मिनिटं भेटावं. मोरीपाशी काय परत येताना दिसलं ते सांगावं, जैन ग्रेव्ही किती आहे आणि बिर्याणी किती लागली आहे ते विचारावं. त्या रात्री कुठल्या टेबलाने भाजीचं कौतुक केलं तर आत जाऊन ज्याने ती केली त्याला नाव घेऊन सांगावं, कारण पासच्या आतल्या बाजूला तक्रारी सगळ्या पोचतात, कौतुक क्वचितच पोचतं. महिन्याभराने पुन्हा एकदा आतला दिवस मागून घ्यावा, या वेळी फक्त एका काउंटरसाठी, आणि तेव्हा वहीत त्या महिन्यात गिऱ्हाइकांनी विचारलेले आणि आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न लिहून न्यावेत.